सासूबाईंचं सगळं घरीच केलं आहे, तरी वृद्धांच्या देखभालीचा कोर्स करायला हवा का?

हो, करायला हवा. पण कुठला, ते बघून.

तुम्ही लिहिलंय की वय अडतीस आहे, ऑफिसची नोकरी सुटून काही वर्षं झाली, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं शेवटपर्यंत सगळं तुम्हीच केलं आणि आता हेच काम पगारी करावंसं वाटतंय. कोर्स कशाला, त्यात शिकवतात काय, आणि या वयात सुरुवात करून पुढे काही होईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षं हे काम केलं आहे आणि आता शिकाऊ मुलामुलींना प्रॅक्टिकलच्या वेळी हाताखाली घेते. त्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

घरी सेवा केल्याचा मोठा फायदा म्हणजे तुमची किळस आणि संकोच दोन्ही गेलेले असतात. वर्गात नव्याने आलेल्या अनेकांचा पहिला आठवडा त्यातच जातो. पण घरची एक सवय आड येते. घरी आपण सगळं करून टाकतो. भरवतो, बटणं लावून देतो, केस विंचरतो. प्रेमापोटी करतो, आणि खरं बोलायचं तर घाईपोटीही करतो, कारण त्यांनी स्वतः केलं तर तिप्पट वेळ लागतो. पगारी कामात नेमकं हेच टाळायचं असतं. म्हाताऱ्या शरीराला काही आठवडे आयतं मिळालं की स्नायू उतरतात, तोल जातो, आणि कालपर्यंत येत असलेली गोष्ट परत येत नाही. म्हणून चांगल्या कोर्समध्ये हात कसे चालवायचे याइतकंच ते कधी आवरायचे हेही शिकवतात. शिकणाऱ्याला सगळ्यात उशिरा जमतं ते हेच.

अमेरिकेत डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली एक साधी मोजपट्टी मांडली, ती आजही जगभर वापरतात. सहाच गोष्टी: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. या प्रत्येकीत माणूस स्वतः किती करतो, कुठे आधार लागतो आणि कुठे सगळं आपल्यावर आहे, हे रोज नव्याने बघायचं. अंघोळीचंच घ्या. ओला कपडा त्यांच्या हातात दिला तर तोंड, छाती आणि समोरचं अंग बरेच जण स्वतः पुसतात. पाठ आणि पावलं आपण करायची. वेळ जास्त लागतो, यात वाद नाही. माणसं कमी असलेल्या ठिकाणी वरिष्ठ घड्याळ दाखवतात आणि ही पद्धत सगळ्यात आधी मोडते. नोकरी बघताना हे लक्षात ठेवा.

आता कोर्समध्ये काय असतं ते. स्वच्छता, हात धुणं, प्रथमोपचार हे सगळीकडे असतं आणि लवकर येतं. फक्त हात धुण्याकडे दुर्लक्ष करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले आहेत. नवशिके त्यातला एक हमखास विसरतात: रुग्णाला न शिवता नुसत्या त्याच्या पलंगाला, टेबलाला हात लावल्यानंतरचा. औषधांबाबत आपली हद्द काय, हे नियमांनुसार बदलतं आणि ती हद्द ओलांडायची नाही, एवढं पुरे. एक मात्र कायमचं ध्यानात ठेवा: गोळी गिळता येत नाही म्हणून विचारल्याशिवाय ती कुटायची नाही. काही गोळ्या सावकाश विरघळतील अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

खरा वेळ जातो तो उठवण्या-बसवण्यात. घरी आपण काखेत हात घालून ओढतो. ते पहिल्या दिवशीच बंद. त्याने त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर. रीत अशी: खुर्ची त्यांच्या धडधाकट बाजूला ठेवायची, व्हीलचेअरचा ब्रेक लावायचा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. मग माणसाला पलंगाच्या कडेला काही मिनिटं नुसतं बसू द्यायचं. आडवं असताना एकदम उभं केलं की रक्तदाब पडतो, चक्कर येते, आणि कित्येक पडणी इथेच होतात. त्यानंतर पाय मागे, शरीर पुढे झुकवायला सांगायचं आणि ते स्वतः उठतील तेवढं उठू द्यायचं. तोल जाऊन पडायलाच लागले तर झेलायला जायचं नाही. अंगाशी धरून हळूच खाली सरकवायचं, आणि पडल्यावर लगेच उचलायचं नाही, आधी नर्सला बोलवायचं.

‘पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाका’ हे सगळेच शिकवतात. पण नुसत्या वाकण्याच्या पद्धतीने कंबर वाचत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालं आहे. वाचते ती साधनांनी: घसरती चादर, कमरेचा पट्टा, माणूस उचलायचं यंत्र. संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली अमेरिकेत रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंडांची मर्यादा सुचवली, म्हणजे सुमारे १६ किलो, आणि तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. म्हणजे अख्खा माणूस एकट्याने उचलणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. ज्या संस्थेच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत उचलायचं यंत्र नाही, किंवा आहे पण वरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, तिथे तुम्ही काय शिकणार?

कपड्यांचा नियम छोटासा आहे पण रोज लागतो. अर्धांगवायूने एक हात लुळा असेल तर घालताना अधू हात आधी, काढताना अधू हात शेवटी. एकदा करून बघा, घरी किती उलटं करत होतो ते कळेल.

बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, तुम्ही पाहिले असतील. कूस बदलायची हे तुम्हाला माहीत आहे. कोर्समध्ये त्याच्या आधीचं शिकवतात, म्हणजे जखम होण्यापूर्वी ओळखायचं कसं. माकडहाड, टाचा, कमरेचे खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज बघायच्या. लालसर डाग बोटाने दाबून सोडला आणि तरी फिका पडला नाही, तर आत नुकसान सुरू झालं आहे. सावळ्या त्वचेवर ही लाली अनेकदा दिसतच नाही, आणि बऱ्याच पुस्तकांतली चित्रं गोऱ्या त्वचेची असतात. तिथे हाताच्या पाठीने बघायचं: जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक किंवा मऊ झाली आहे का. आणि त्या डागावर तेल चोळायचं नाही. खालचं मांस आधीच चिरडलेलं असतं, चोळल्याने आणखी फाटतं. टाचांसाठी उशी पोटऱ्यांखाली द्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते.

भरवण्याबद्दल घरून आलेल्यांशी माझा नेहमी वाद होतो. आडवं ठेवून, मान मागे करून भरवणं हे धोक्याचं आहे. माणूस सरळ बसलेला हवा, घास छोटा, पहिला गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसतंच ठेवायचं. ठसका लागणं ही खूण सगळ्यांना कळते. न कळणारी खूण म्हणजे पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणं. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जात असल्याची ती शंका असते आणि यातून न्यूमोनिया होतो. अशा वेळी किती दाट द्यायचं हे गिळण्याची तपासणी करणारा स्पीच थेरपिस्ट ठरवतो. त्यासाठी शून्य ते सात अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. आपण अंदाजाने पातळ-घट्ट करायचं नाही.

स्मृतिभ्रंश हा विषय वर्गात दोन-तीन दिवसांत संपवतात, आणि कामावर गेल्यावर दिवसातला निम्मा वेळ तोच असतो. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात आग्रहाने मांडलं की अशा माणसाचं सगळं वागणं मेंदूतल्या बिघाडाच्या खात्यावर टाकता येत नाही. त्यातलं बरंचसं आपण त्याला कसं वागवतो यातून येतं: घाई करणं, त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणं, लहान मुलासारखं दटावणं, खोटं सांगून गप्प करणं. मी हे रोज बघते. कुणी अंघोळीला हात झटकून नकार देतं तेव्हा शिकाऊ मुलगी वहीत ‘हट्टी’ लिहिते. खोली गार आहे का? अनोळखी बाईसमोर कपडे काढायची लाज वाटते आहे का? पाण्याचा आवाज भीतीदायक वाटतो आहे का? वीस मिनिटांनी परत जा, वेगळ्या माणसाला पाठवा, आधी नुसते हात धुवायला द्या. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्याला ‘हेच तुमचं घर’ असं पटवत बसण्यात अर्थ नसतो. घरी कोण वाट बघतंय ते विचारा आणि ऐका. नेहमी जमेलच असं नाही. काही संध्याकाळी काहीच चालत नाही.

याच्याच शेजारी एक गोष्ट आहे जी प्रत्येकाला पाठ हवी. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. कालपर्यंत ओळखणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलतो, झापड येते किंवा बेचैन होतो, तर ते ‘वय झालं’ नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन औषध, यांपैकी काहीही असू शकतं, आणि त्याच दिवशी सांगायला हवं. डॉक्टर दहा मिनिटं बघतात, तुम्ही आठ तास. बदल दिसतो तो तुम्हालाच.

म्हणून लिहिणं. या कामात एवढं लिहावं लागतं याची कुणाला कल्पना नसते. ‘नीट जेवले नाहीत’ ही नोंद कुणाच्या उपयोगाची नाही. ‘अर्धी वाटी खाल्ली, दोनदा ठसका लागला, नंतर तोंड फिरवलं’ ही आहे. आपलं मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. ऑफिसात काम केल्याचा तुम्हाला इथे फायदा होईल.

कोर्स कसा निवडायचा, तर मी एकच आकडा आधी विचारते: खऱ्या वृद्धांसोबत, कुणाच्या तरी देखरेखीखाली, किती तास? देशोदेशी मोठा फरक आहे. अमेरिकेत १९८७ च्या संघीय कायद्याने नर्सिंग होममधल्या सहायकांसाठी किमान ७५ तासांचं प्रशिक्षण ठरवलं, त्यात प्रॅक्टिकलचे किमान १६. जपानमधला सुरुवातीचा कोर्स एकूण १३० तासांचा आहे. ऑस्ट्रेलियात सर्टिफिकेट थ्री या व्यावसायिक प्रमाणपत्राच्या पातळीवर प्रत्यक्ष जागेवरच्या कामाचेच किमान १२० तास भरावे लागतात. माझ्या मते अमेरिकेतला आकडा फारच तोकडा आहे. १६ तासांत माणूस घाबरणं थांबवतो, शिकत नाही. देखरेखीखालचे हे तास शंभराच्या पुढे असतील तर कोर्स विचारात घ्या.

बाकी विचारायचं ते असं: शिकवणाऱ्याने स्वतः हे काम केलं आहे का, की फक्त स्लाइड वाचतो. प्रॅक्टिकल कुठे होतं आणि तिथे तुमचं काम बघून सही कोण करतं. प्रमाणपत्र तुम्ही जिथे नोकरी करणार तिथे मान्य आहे का. हे संस्थेला न विचारता नोकरी देणाऱ्यालाच विचारा. सगळा कोर्स ऑनलाइन असेल तर सोडून द्या. व्हिडिओ बघून कूस बदलायला येत नाही. नोकरीची हमी देणाऱ्यांपासूनही लांब राहा, कारण या क्षेत्रात माणसांची टंचाई इतकी आहे की हमीची गरजच नसते. फी भरण्याआधी मोठ्या वृद्धनिवासात चौकशी करा. काही ठिकाणी नोकरीवर घेऊन कोर्सचा खर्च तेच करतात, बदल्यात ठरावीक काळ तिथे काम करायचा करार असतो. तो करार नीट वाचा. बहुतेक ठिकाणी पोलीस पडताळणी आणि लसीकरणाचे कागदही मागतात, ते आधीच काढून ठेवा.

वयाचं म्हणाल, तर अडतीस मुळीच उशीर नाही. वीस वर्षांच्या मुलीपेक्षा तुमच्याशी वृद्ध मोकळेपणाने बोलतील. कंबर आणि गुडघे मात्र आधी तपासून घ्या. पुढचे रस्ते आहेत: स्मृतिभ्रंश किंवा अखेरच्या काळातली देखभाल यात विशेष प्रशिक्षण, पाळीप्रमुख, घरोघरच्या सेवेचं नियोजन, किंवा पुढे शिकून नर्सिंग. पगार सुरुवातीला कमी असतो आणि कामाच्या मानाने कमीच राहतो, हे लपवण्यात अर्थ नाही. रात्रपाळ्या आणि सणासुदीच्या पाळ्या धरून घरच्यांशी आधी बोला.

आणखी एक, सासूबाई जाऊन फार दिवस झाले नसतील तर थोडं थांबा. प्रॅक्टिकलमध्ये तसाच चेहरा, तसाच खोकला भेटतो, आणि तिथे पाळी सोडून बाहेर जाता येत नाही.

कोर्सला नाव घालण्यापूर्वी ज्या निवासात प्रॅक्टिकल होणार आहे तिथे एक दिवस बसू देतात का ते विचारा. जाल तेव्हा सकाळी सातला जा. दुपारी तीनला सगळी निवासं नीटनेटकी दिसतात.