क्रँक मोजल्याशिवाय एफडीला हात लावू नका

प्रश्न : कागल तालुक्यात राहतो. 2016 चं चार सिलिंडरचं डिझेल पिकअप आहे, स्वतःच चालवतो. दिवाळीपासून गुऱ्हाळांवरचा गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात नेतो, एरवी भाजी आणि पशुखाद्य. डिझेल-टोल जाऊन दिवसाला 1,300 रुपये सुटतात, महिन्यात 24 दिवस गाडी चालते. घरखर्च 19,000. गाडीचा 11,800 चा हप्ता नुकताच संपला आणि लगेच इंजिन ठोकायला लागलं, ऑइलचा दिवा लागला. उघडलं तर दोन रॉड बेअरिंगांवर (पिस्टनचा रॉड आणि क्रँक यांच्यातल्या पातळ वाट्यांवर) वरचा थर जाऊन तांबं दिसतंय, क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनातल्या मुख्य दांड्यावर, नख अडकतं. मिस्त्रींनी चार आकडे दिलेत : नुसतं पॉलिश करून स्टँडर्ड बेअरिंग टाकायचे 28,000 (गॅरंटी नाही), क्रँकचं ग्राइंडिंग (मशीनवर घासून बारीक करणं), त्या मापाचं जाड ‘अंडरसाइज’ बेअरिंग, ऑइल पंप, रिंगांसकट 78,000, नवा क्रँक टाकून 1,25,000, आणि जुनं अख्खं इंजिन 95,000. बँकेत 1,50,000 ची एफडी आहे, मुलीच्या कॉलेजसाठी. ती मोडू, बायकोचं सोनं ठेवू, की जीएसटी कमी झालाय तर नवी गाडीच घेऊ?

उत्तर : 78,000 च्या कामाला माझा कौल आहे, पण एका अटीवर. क्रँक आधी मोजून घ्यायचा, तोवर मिस्त्रींना कुठल्याच कामासाठी उचल द्यायची नाही. एफडी मोडायची नाही, वहिनींच्या सोन्याला हात लावायचा नाही, आणि नव्या गाडीचा विचार या वर्षी तरी सोडून द्यायचा.

28,000 चा मोह कुणालाही होईल, त्यामुळे तिथूनच सुरुवात करू. पॉलिशचं काम टिकलं तर 50,000 वाचतात. नाही टिकलं तर इंजिन पुन्हा उतरणार, आणखी दहा दिवस गाडी उभी म्हणजे 13,000 गेले. दुसऱ्यांदा बेअरिंग जातं तेव्हा ते बहुतेकदा क्रँकलाही घेऊन जातं. मग तुम्ही 78,000 च्या कामावर नाही, 1,25,000 च्या कामावर येता. 28,000 अधिक 13,000 अधिक 1,25,000, एकूण 1,66,000. हा हिशेब उलटा मांडला तर पॉलिशचा मार्ग परवडण्यासाठी तो शंभरातल्या निदान चौसष्ट वेळा टिकायला हवा. ज्या क्रँकवर नख अडकतंय आणि ज्या कामाची खुद्द मिस्त्री गॅरंटी देत नाहीत, त्यावर मी ही पैज लावणार नाही.

का टिकत नाही, तेही समजून घ्या, म्हणजे गॅरेजात कुणी गुंडाळणार नाही. क्रँकचं जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल गुळगुळीत भाग, आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी जी फट ठेवतात, ती ढोबळमानाने जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग असते. जर्नल 50 मिलिमीटरचं असेल तर फट 0.05 मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाएवढी. खरचटे जाईपर्यंत पॉलिश करताना 0.03 मिलिमीटर जरी घासलं गेलं, तरी स्टँडर्ड बेअरिंगमध्ये ती फट दीडपटीहून जास्त होते. तेल कडेने निसटतं, प्रेशर पडतं आणि दिवा पुन्हा लागतो.

म्हणून आधी मोजणं. उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्या चांगल्या दुकानात क्रँक आणि चारही कनेक्टिंग रॉड घेऊन जा आणि मायक्रोमीटरचे आकडे कागदावर लिहून मागा : चार रॉड जर्नल (जिथे रॉड जोडतात), पाच मेन जर्नल (जिथे क्रँक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये टेकतो), प्रत्येकाचे दोन दिशांनी. क्रॅक टेस्ट करून घ्या, क्रँक वाकलाय का तेही बघायला सांगा. रॉडचं मोठं तोंड अंडाकार झालेलं असेल तर नवं बेअरिंग त्यात नीट बसणार नाही; हा खर्च मिस्त्रींच्या आकड्यात धरलाय का, ते स्पष्ट विचारा. रॉडचे बोल्ट नवे टाका, तिथे काटकसर नको.

जुन्या बेअरिंगची पाठ पाहिलीत का? तिथे साइज कोरलेला असतो. ‘एसटीडी’ असेल तर क्रँक अजून कधी घासलेला नाही, आणि 0.25 मिलिमीटरचं, गॅरेजच्या भाषेत ‘दहा साइज’चं, अंडरसाइज टाकून काम होईल अशी आशा आहे. 0.50 किंवा 0.75 आधीच कोरलेलं असेल तर कुणीतरी तुमच्या आधी हात मारलाय. पुढे घासायला किती उरलंय ते बघूनच पैसे टाकावेत. आणखी एक. तुमच्या इंजिनाची कंपनी अंडरसाइज बेअरिंग विकते का, ते पार्ट नंबरवरून तपासा. काही नव्या इंजिनांचे क्रँक नायट्राइड केलेले, म्हणजे नायट्रोजनने वरचा थर कडक केलेले असतात. तो कडक थर पातळ असतो आणि ग्राइंडिंगमध्ये निघून जाऊ शकतो. मग क्रँक पुन्हा नायट्राइड करावा लागतो, नाहीतर नव्या बेअरिंगवरही जर्नल लवकर झिजतं. कंपनी अंडरसाइज विकतच नसेल, तर तो घासू नका असा तिचा इशारा समजा आणि सरळ नव्या क्रँकचा विचार करा. इंडक्शन हार्डनिंग केलेल्या (विजेने तापवून कडक केलेल्या) क्रँकला ही अडचण सहसा नसते, तिथे थर चांगला खोल असतो. ग्राइंडिंगवाल्याला एवढंच सांगा की जर्नलच्या कडेची गोलाई होती तशीच ठेव. तिथे धारदार कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तुटतो.

आता बेअरिंग. लोकल सेट 2,600 आणि नावाजलेल्या कंपनीचा 6,400, असं तुम्ही पुढे लिहिलंय. फरक 3,800, तुमची तीन दिवसांची कमाई. 78,000 च्या बिलात हा सगळ्यात छोटा आकडा आहे आणि घासाघीस नेमकी त्यावरच होते, याचं मला नेहमी नवल वाटतं. चांगला सेट घ्या. मात्र कुणी ‘रेसिंगचं आहे, जास्त कडक आहे’ म्हणून दुप्पट किमतीचं दाखवलं तर तेही नको. मूळ इंजिनात ज्या जातीचं होतं तेच : तांबं-शिशाच्या थरावर मऊ लेप असलेलं तीन थरांचं असेल तर ते, ॲल्युमिनियम-कथिलाचं असेल तर ते. मऊ लेपाचा फायदा असा की तेलातला बारीक कचरा तो स्वतःत दाबून घेतो. गुऱ्हाळाच्या वाटेवरच्या धुळीत ते कामी येतं. नकली डबे बाजारात फिरतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न मिस्त्रींना विचाराच : बेअरिंग गेलंच का? ऑइल बदलायला उशीर, पंपाची जाळी तुंबलेली, ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं, काहीतरी असणारच. कारण सापडलं नाही आणि क्रँकच्या तेलवाटा, ऑइल कूलर धुतले नाहीत, तर आतला धातूचा चुरा नव्या बेअरिंगला काही दिवसांत खाईल. 78,000 चं काम मग 28,000 च्या कामाइतकंच कच्चं.

जुनं इंजिन नकोच. ते आतून कसं आहे हे बघायला तेही उघडावंच लागणार, आणि वर इंजिन नंबर बदलल्याची नोंद आरटीओत आरसीवर करून घ्यावी लागते. ती राहून गेली की विम्याच्या दाव्यात अडकाल.

पैसे कुठून? एफडीवर कर्ज. तुम्ही कळवलंय की ती दोन वर्षांची आहे, सोळा महिने झालेत, आठ उरलेत. आज मोडली तर 1 टक्का दंड धरून साधारण 2,000 चा फटका, शिवाय त्या पैशाला एकदा पाय फुटले की कॉलेजच्या फीपर्यंत ते परत जमत नाहीत. त्याच एफडीवर 80,000 उचलले आणि बँकेने एफडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त लावले, तर खरा भुर्दंड त्या 2 टक्क्यांचाच, तोही उतरत्या रकमेवर. सात महिन्यांत पाचशे-सहाशे रुपये. फेडायचं कसं, तर गाडीच्या हप्त्याची सवय मोडू नका : तेच 11,800 दर महिन्याला बँकेत भरा. सात हप्त्यांत 82,600 होतात, व्याजाचा उरलेला किरकोळ भाग आठव्या महिन्यात भागेल आणि एफडी मुदतीला पूर्ण हातात येईल. उचलण्याआधी तुमच्या शाखेत दर आणि दंड दोन्ही विचारून घ्या.

मोजणीत क्रँक बादच निघाला तर 1,25,000 चं काम करावं का? गाडीची बॉडी, गिअरबॉक्स, डिफरन्शियल धड असतील तर हो. कर्ज अकरा महिन्यांवर जाईल, म्हणजे फीच्या वेळी तीनेक हप्ते बाकी असतील, त्याची तयारी आत्तापासून हवी. चॅसी गंजलेली असेल तर तिथेच थांबा आणि गाडी आहे तशी विकण्याचा भाव काढा.

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, हे खरं. पण 8,50,000 चं कर्ज पाच वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता साडेअठरा हजारांच्या आसपास येतो. तुमचे 31,200 मधून 19,000 गेले की उरतात 12,200. करकपातीने हे गणित सुटत नाही.

आणि शेवटचा तुमचा छोटा प्रश्न, या खर्चाची करात वजावट मिळेल का? तुम्ही दर महिन्याला प्रतिगाडी 7,500 धरून अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरता, त्यामुळे नाही. दुरुस्ती त्यातच धरलेली असते. बिल तरीही पक्कंच घ्या, त्यावर बेअरिंगचा साइज आणि पार्ट नंबर लिहून घ्या, आणि काढलेले जुने तुकडे मिस्त्रींकडे न ठेवता घरी आणा.