धनुष्यबाणाने शिकार करणारे पायी चालत हरणाच्या इतक्या जवळ कसे पोहोचतात?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो महत्त्वाचा आहे. तुम्ही विचारलंय की परदेशातले धनुष्यबाणवाले करतात ते आपल्या बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात करून बघता येईल का. नका करू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच शिकारीचा प्रयत्नही धरलाय, म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा घडलाच. भीमगड अभयारण्यात तर परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊल टाकणंही बेकायदा आहे. तिथे शिकारीला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची कैद आहे.

आता ते पोहोचतात कसे. नोकरीपायी मी दोन वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनला होतो. ऑफिसातला एक जण पांढऱ्या शेपटीच्या हरणांमागे जायचा आणि मी रिकाम्या हाताने त्याच्या मागे. तिथले बहुतेक धनुर्धारी झाडावर मचाण बांधून गुपचूप बसतात. चालत जाणारे थोडे, कारण बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. बंदूकवाल्याला दीडशे मीटर पुरतात, यांना २०-३० मीटर गाठावे लागतात. तिथूनही खात्री नसतेच. बाण सेकंदाला ८०-९० मीटर जातो आणि आवाज साधारण ३४०. म्हणजे ३० मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार बाणाच्या पाव सेकंद आधी ऐकू जातो. तेवढ्यात ते पळण्यासाठी अंग खाली दाबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. शिवाय बाणाने जनावर मरतं ते रक्तस्रावाने, म्हणून ते आडवं उभं असेल आणि पुढच्या खांद्यामागची जागा दिसत असेल तरच सोडायचा. समोरून तोंड करून असेल तर धनुष्य खाली. हा नियम त्याने माझ्यासमोर एकदाही मोडला नाही, आणि दोन वर्षांत त्याला माझ्या देखत एकही हरीण मिळालं नाही.

चालण्याचं सगळं गणित वाऱ्यापासून सुरू होतं. हरणाला तुम्ही दिसलात तर ते थांबून विचार करेल, तुमचा वास आला तर करणार नाही. तो ऑफिसातला सोबती पावडरची लहान बाटली दाबून वारा बघायचा. मी इथे जुन्या मोज्यात चुलीतली राख भरून तो झटकतो, तेवढंच काम होतं. डोंगरउतारावर एक गंमत असते: पहाटे गार हवा वरून खाली वाहते आणि ऊन तापलं की खालून वर. त्यामुळे सकाळी बरोबर असलेली तुमची बाजू नऊ वाजता चुकीची होते.

दुसरी गोष्ट चालीची. पाल्याचा आवाज रानात होतच असतो, रानकोंबडी किती खसखस करते! घात करतो तो माणसाच्या पावलांचा ठेका. दोन-तीन पावलं, मग थांबा, मिनिटभर नुसते उभे राहा, मग एक पाऊल. तळव्याची बाहेरची कड आधी टेकवायची, खाली काटकी नाही हे पायाला कळलं की मगच भार द्यायचा. फेब्रुवारीत सागाचा वाळका पाला पापडासारखा मोडतो, तेव्हा हा उद्योगच करू नये. दव पडलेली सकाळ सगळ्यात चांगली.

कपड्यांवर लोक उगाच पैसे घालवतात. हरणाला लाल-केशरी रंग नीट कळत नाहीत, म्हणून तिकडे बंदूकवाले भडक केशरी जाकीट घालूनही शिकार करतात. निळा मात्र त्यांना छान दिसतो. आपल्याकडचे हौशी फोटोवाले वर हिरव्या ठिपक्यांचा शर्ट आणि खाली निळी जीन्स घालून येतात, त्यांना काय म्हणावं!

मी आता कॅमेरा घेऊन जातो, तोही अभयारण्यात नाही. जांबोटीकडे मामांची काजूची बाग आहे, तिच्या वरच्या अंगाला आवळीची झाडं आहेत. गेल्या डिसेंबरात तिथे भेकर, म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण, आवळे खायला यायचं. पहिल्या दिवशी मामा मागून कुजबुजले, "पळूलास कशाला? हळू की रे." मला वाटत होतं मी हळूच चाललोय. दुसऱ्या दिवशी उजाडताच उताराच्या खालून सुरुवात केली. भेकराची मान खाली गेली की एक पाऊल, वर आली की दगड. एकदा तर डावा पाय अर्धा उचललेला असतानाच त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिलं. मांडी थरथरायला लागली. त्याच्या डोळ्याखालची काळी फट, नाकावरची ओल, तोंडात फिरणारा आवळा, सगळं दिसत होतं. ३० मीटर कापायला चाळीस मिनिटं लागली. मग मानेवर ऊन आलं. मोजा झटकला तर राख सरळ वर, त्याच्याच दिशेने निघाली. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत ते झुडपात होतं आणि पुढची वीस मिनिटं तिथून भुंकत होतं. सगळ्या रानाला वर्दी.

एक सावधगिरी. आपल्या या पट्ट्यात अस्वलं आहेत, गवे आहेत. अस्वल माणसावर येतं ते बहुतेक वेळा अचानक समोरासमोर गाठ पडली म्हणून. मामा रानवाटेने येतात ते मुद्दाम खोकत, काठी आपटत, आणि आपण शिकतोय ते नेमकं त्याच्या उलट. त्यामुळे दाट झुडपात मी चोरपावलांनी कधीच शिरत नाही. बागेच्या मोकळ्या कडेनेच जातो, तेही मामा मागे बांधावर उभे असतील तेव्हाच.