पिकअपचा क्लच स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो का?

पेडल तळाला जातं, गिअर टाकताना करकर आवाज येतो, दोन-तीनदा पंप केलं की तात्पुरतं काम चालतं आणि मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. स्लेव्ह सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर. आधी गाडीखाली जाऊन बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं कवच) बाजू बघा. दोन बोल्टांवर बसवलेला सिलिंडर आणि त्यातून निघून फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या दांड्याला) ढकलणारा रॉड बाहेरच दिसत असेल, तर गिअरबॉक्स जागेवरच राहू द्या. नुसता पाइप आत शिरताना दिसला, तर सिलिंडर रिलीज बेअरिंगसकट आत शाफ्टवर आहे आणि मेकॅनिकचं बरोबर आहे. मग क्लच प्लेटही बघून घ्या, मजुरी एकदाच पडेल. मोठ्या ट्रकचा हवेवर चालणारा क्लच बूस्टर वेगळा, त्याला हे लागू नाही.

सिलिंडर बाहेर असेल तर रॉडवरचं रबरी बूट मागे सरकवा. आत ओलं असेल तर सील गेलंय. कोरडं असेल तर घाईने नवा सिलिंडर आणू नका. केबिनमध्ये पेडलच्या रॉडजवळ ओल आहे का बघा, दोष पेडलला जोडलेल्या वरच्या मास्टर सिलिंडरचा असू शकतो. मास्टरचं सील आतल्या आत ऑइल सोडत असेल, तर बाहेर थेंबही दिसत नाही.

मास्टर सिलिंडरच्या ऑइल टाकीच्या टोपणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घ्या, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. अर्धा लिटरचा सीलबंद डबा पुरतो. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही नको, सीलचं रबर फुगतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

सिलिंडर बोल्टवर घट्ट असतानाच पाइपचं नट सैल करा, फ्लेअर नट पान्याने (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा पाना). साध्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात आणि मग पाइपही बदलावा लागतो. नटाऐवजी बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवे टाका. सिलिंडर सुटा असताना पेडल कुणी दाबू नये, पिस्टन बाहेर उडतो. नवा बसवताना पाइपचं नट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, मगच पाना लावा.

बहुतेकांचं काम बिघडतं ते हवा काढताना. सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. जोडीदाराने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा सैल करून पुन्हा बंद करायचं, त्यानंतरच पेडल सोडायचं. सुरुवातीला ते आपोआप वर येत नाही, हाताने उचला. वरची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरेल. पेडल पार तळाला जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये सील कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासलं, तर आठवड्यात तोही गळू लागतो.

पंधरा-वीस वेळा करूनही पेडल मऊच लागत असेल, तर हवा सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात अडकलीय. निपल घट्ट बंद ठेवून बोल्ट काढा, पाइप न सोडता सिलिंडर असा धरा की पाइपचं तोंड सगळ्यात वर येईल, आणि रॉड सावकाश आत दाबा. बुडबुडे टाकीत वर येताना दिसतील. टाकी त्या वेळी काठोकाठ भरलेली नसावी.

शेवटी इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर झाली तर हवा अजून आत आहे किंवा रॉडचं अ‍ॅडजस्टमेंट चुकलंय.