वाचक विचारतात : जनुकीय समुपदेशन शिकताना

प्रश्न : मी परभणीची. बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. करून आता जनुकीय समुपदेशनात (आनुवंशिक आजाराचा धोका कुटुंबाला समजावून सांगण्याच्या कामात) एम.एस्सी. करतेय. सध्या रुग्णालयात पोस्टिंग आहे. वर्गात तीन पिढ्यांची वंशावळ झटपट जमते, पण ओपीडीत अडतं. बाई सांगते, 'नात्यात लग्न नाही', आणि नंतर कळतं की नवरा तिचा सख्खा मामा. कुठे चुकतंय?

उत्तर : तुम्ही फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारताय, तिथेच चुकतंय. आपल्याकडे मामाला दिलेली लेक म्हणजे घरातल्या घरात झालेली सोयरीक. त्याला कुणी वेगळं काही समजत नाही. शिवाय 'नात्यात केलं म्हणून लेकरू असं झालं' हा टोमणा त्या बाईने आधीच ऐकलेला असतो. सरळ विचारलं की 'नाही' म्हणून ती मोकळी होते. त्याऐवजी असं विचारा, "ताई, लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागत होत्या?" आईची आई म्हणाली, तर नवरा मामा. आत्या म्हणाली, तर आतेभाऊ. मामी म्हणाली, तर मामेभाऊ. 'कुणीच नाही' म्हणाली, तर सासऱ्यांबद्दल तेच विचारा. मग तिच्या आईवडिलांचं आणि सासू-सासऱ्यांचंही विचारून घ्या. मामा-भाचीच्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक (एकाच पूर्वजाचं जनुक आई आणि वडील दोघांकडून येण्याची शक्यता) १/८ असतो, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्याचा १/१६. मागच्या पिढीतही घरातलंच लग्न असेल, तर आकडा त्याहून वर जातो.

मामा-भाचीची वंशावळ (चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई) कागदावर हमखास चुकते. विद्यार्थी मामाचा चौकोन आईच्या ओळीत काढतात आणि भाचीशेजारी नवरा म्हणून दुसरा चौकोन काढतात. एकच माणूस दोनदा मोजला जातो आणि जोखमीचं सगळं गणित बिघडतं. चौकोन एकदाच, वरच्या ओळीत काढा आणि तिथून भाचीच्या वर्तुळापर्यंत तिरकी दुहेरी रेघ (नात्यातल्या लग्नाची खूण) ओढा. कागद आडवा धरा, पेन्सिल वापरा आणि आजारी लेकराची खूण खालच्या भागात करून बाण द्या, म्हणजे वर जागा उरते.

आणखी दोन प्रश्न पाठ करून ठेवा. 'भाऊ किती?' विचारलं तर चुलतभाऊही मोजले जातात, म्हणून "एका आईची लेकरं किती?" असं विचारा. 'मुलं किती?' विचारलं तर फक्त जिवंत असलेली सांगतात. "एकूण किती वेळा दिवस गेले होते?" असं विचारा आणि मग एकेका खेपेचं काय झालं ते सावकाश घ्या. गेलेल्या लेकराबद्दल सासूसमोर बोलणं जड जातं, तेव्हा पहिली दहा मिनिटं बाईशी एकटीशी बोलण्याची सोय करा. ती गप्प झाली, तर लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. शिकाऊ हातून बहुतेक माहिती सुटते ती इथेच.

प्रश्न : नवरा-बायको दोघेही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (स्वतः निरोगी, पण एक बिघडलेलं जनुक बाळगणारे) असले, तर प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका, हे मी नीट सांगतो. तरी वडील म्हणतात, "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली." (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : टक्के सांगू नका, दाखवा. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत ज्वारीचा एक (चांगलं जनुक) आणि तुरीचा एक (बिघडलेलं जनुक) दाणा ठेवा. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा त्यांनाच काढू द्या. दोन्ही तुरी आल्या, तर लेकरू आजारी. एक ज्वारी, एक तूर आली, तर वाहक. दोन्ही ज्वारी आल्या, तर वाहकही नाही. आता मुख्य गोष्ट : दाणे परत वाटीत टाकूनच पुढची खेप करायची. घाईत विद्यार्थी ते बाहेरच ठेवतात आणि वडिलांचा गैरसमज उलट पक्का होतो.

याच कुटुंबातलं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता विचारली, तर अर्धी म्हणू नका, दोन तृतीयांश म्हणा. ते आजारी नाही हे आपल्याला ठाऊक आहे. चारपैकी ती एक शक्यता गळाली, उरलेल्या तिनांत दोन वाहकाच्या.

प्रश्न : किनवटच्या एका गरोदर बाईची सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची) सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह, नवऱ्याची निगेटिव्ह. 'काळजी नाही' असं सांगितलं तर चालेल का? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : अजिबात नाही. ही चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. बाई वाहक आहे की आजारी, हेसुद्धा त्यातून कळत नाही. नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर त्याची ही चाचणी निगेटिव्हच येणार, आणि बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया (एकाकडून सिकलचं, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आल्याने होणारा आजार) होऊ शकतो. दोघांचंही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) मागा. त्यातला ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला, की थॅलेसेमिया वाहकाचा संशय घ्यायचा. मात्र लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली येऊन वाहक निसटू शकतो, आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्टवर विसंबता येत नाही. दोन्ही गोष्टी विचारल्याची नोंद लॉगबुकात हवी. किती आठवडे झाले, हेही त्याच दिवशी लिहा : गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजलाचा १५ आठवड्यांनंतर. नवऱ्याचा रिपोर्ट पंधरा दिवस रखडला, तर पहिली संधी हातची जाते.

प्रश्न : गर्भजल तपासणीनंतर नातेवाईक 'मुलगा की मुलगी' म्हणून मागे लागतात. काय बोलावं? (विद्यार्थिनी, बीड)

उत्तर : हिमोफिलियासारख्या (रक्त नीट न गोठण्याच्या) लिंगाशी निगडित आजारासाठी तपासणी कायद्यात बसते, पण गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही रीतीने सांगायला १९९४चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा मनाई करतो. तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून यातून सूट नाही. नमुना घेण्याआधीच, सासू आणि नवरा समोर असताना सांगा : "ही तपासणी आजारासाठी आहे. मुलगा-मुलगी आम्ही सांगणार नाही, रिपोर्टमध्येही नसेल." गुणसूत्रांच्या रिपोर्टात लिंग झाकलेलं आहे ना, हे कुटुंबाच्या हाती देण्याआधी स्वतः पाहा. उघडं दिसलं, तर तो रिपोर्ट तसाच वरिष्ठांकडे परत करा.