म्यानमारची राजधानी नेपिडो खरंच ओस आहे का? सरकारी कार्यालयं गावाबाहेर नेली तर आपल्याकडेही तसंच होईल का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. वीस पदरी रस्त्यावर एकही गाडी नसलेला नेपिडोचा व्हिडिओ खरा आहे का, हा पहिला. तुमच्या तालुक्यातली सगळी सरकारी कार्यालयं गावापासून आठ किलोमीटरवरच्या माळावर एकाच संकुलात नेण्याची चर्चा आहे, तर तिथेही अशीच गत होईल का, हा दुसरा. व्हिडिओ खरा आहे. पण तो संसदेसमोरच्या रस्त्याचा आहे, आणि त्या एका रस्त्यावरून सगळ्या शहराचा अंदाज बांधता येत नाही.

आधी आकडे बघा. नेपिडोचा केंद्रशासित प्रदेश सुमारे ७,०५४ चौरस किलोमीटरचा आहे. आपला धुळे जिल्हा ७,१९५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आकार जवळजवळ सारखाच. म्यानमारच्या २०१४ च्या जनगणनेत त्या प्रदेशाची लोकसंख्या ११,६०,२४२ होती. धुळे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २०,५०,८६२ आहे. म्हणजे जमीन तेवढीच आणि माणसं निम्म्याहून थोडी जास्त. शिवाय त्या साडेअकरा लाखांतले सुमारे पावणेआठ लाख खेड्यांत राहणारे होते, राजधानी येण्याआधीपासून भात आणि ऊस पिकवणारे. शहरी म्हणून नोंदवलेले उरतात पावणेचार लाख. धुळे शहराची २०११ ची लोकसंख्याही पावणेचार लाखच आहे. नेपिडोच्या या शहरी आकड्यातही प्यिनमाना, लेवे, तातकोन ही जुनी गावं धरलेली आहेत. प्यिनमानाच्या बाजारात गर्दी असते. ओस दिसतो तो नव्याने आखलेला भाग: मंत्रालयं, हॉटेलं, संसद.

हा भाग कसा वसवला गेला ते पाहिलं की बरंच उलगडतं. लष्करी राजवटीचे प्रमुख थान श्वे यांच्या काळात, ६ नोव्हेंबर २००५ च्या पहाटे तेव्हाची राजधानी यांगोनहून, म्हणजे जुन्या रंगूनहून, सरकारी कर्मचाऱ्यांचे ट्रक निघाले. ११ नोव्हेंबरला दुसरा ताफा निघाला: ११ मंत्रालयं, ११ बटालियन आणि १,१०० लष्करी ट्रक. कर्मचाऱ्यांना सूचना मिळाली ती जेमतेम दोन दिवस आधी. शाळा तयार नव्हत्या म्हणून सुरुवातीला कुटुंबाला सोबत नेता आलं नाही. अंतर सुमारे ३२० किलोमीटर, म्हणजे धुळ्याहून मुंबई जेवढी. राजधानीचं नाव जाहीर झालं ते २७ मार्च २००६ ला, लष्कर दिनाच्या संचलनात.

यांगोनमध्ये कार्यालयं वाढवायला जागा नाही आणि नवी जागा देशाच्या मध्यावर आहे, असं सरकारने कारण दिलं. समुद्रमार्गे हल्ल्याची भीती, १९८८ सारख्या रस्त्यावरच्या आंदोलनांची धास्ती, ज्योतिषांचा सल्ला अशी इतरही कारणं सांगितली जातात. माझ्या मते ‘का हलवली’ यापेक्षा ‘कशी मांडली’ याने जास्त नुकसान केलं. मध्यावरची जागा निवडणं हे काही चुकीचं कारण नाही.

मांडणी अशी आहे. प्रत्येक उपयोगाला वेगळा पट्टा: मंत्रालयं एकीकडे, कर्मचाऱ्यांच्या चार मजली इमारती दुसरीकडे, हॉटेलं तिसरीकडे, लष्कर सगळ्यांपासून लांब आणि सामान्यांना बंद. दूतावासांसाठी प्रत्येकी दोन हेक्टर जमीन राखून ठेवली, तरी बहुतेक देशांचे दूतावास यांगोनमध्येच राहिले. कर्मचाऱ्यांना घर मिळतं ते हुद्दा आणि लग्न झालंय की नाही हे पाहून. छपरांचे रंगही खात्याप्रमाणे: आरोग्य खात्याचं निळं, शेती खात्याचं हिरवं. म्हणजे शेजारीही कार्यालयातलेच.

आता रस्त्याचा हिशोब. एका पदराची रुंदी साधारण साडेतीन मीटर. वीस पदर म्हणजे नुसतं डांबर-काँक्रीट ७० मीटर, त्यात दुभाजक आणि कडेच्या पट्ट्या धरलेल्या नाहीत. बेताच्या चालीने माणूस सेकंदाला एक ते सव्वा मीटर जातो, म्हणजे रस्ता ओलांडायलाच जवळजवळ एक मिनिट, तेही उन्हात. समोरच्या बाजूला चहाची टपरी असली तरी तिथे कोण जाईल? जमिनीचा हिशोब आपल्या भाषेत सांगायचा तर अशा रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे सात हेक्टर, सतरा एकर. त्या सतरा एकरांवर एक घर नाही की दुकान नाही, पण झाडलोट, दिवे आणि डागडुजी कायमची. दुतर्फा दुकानं असलेल्या रस्त्याचा खर्च त्या दुकानांच्या करातून काही अंशी निघतो. इथे तो मार्गच नाही.

दुकान का चालत नाही, हेही मोजता येतं. रोजच्या खरेदीला माणूस पाच मिनिटं चालतो, म्हणजे सुमारे ४०० मीटर. दुकानाभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात ५० हेक्टर जमीन येते. हेक्टरी १०० माणसं राहत असतील तर ५,००० गिऱ्हाइकं, म्हणजे पाच माणसांचं घर धरून हजार घरं. यात किराणा, पिठाची गिरणी, सलून, मेडिकल, शिंपी सगळ्यांचं भागतं. तेच प्रमाण हेक्टरी १० वर आणा. मग उरतात १०० घरं, आणि त्यावर एक गिरणीसुद्धा धड चालणार नाही. पट्ट्यांमध्ये मोकळ्या जागा सोडल्या की पूर्ण शहराची सरासरी झपाट्याने या दुसऱ्या बाजूला घसरते. मग एकच मोठा बाजार आणि एक-दोन मॉल उरतात, तिथे मोटरसायकलशिवाय जाता येत नाही, आणि रस्त्यावर चालणारं माणूस दिसेनासं होतं.

बसचंही तेच. बारा किलोमीटरच्या मार्गावर जाऊन-येऊन एक तास लागत असेल तर दर दहा मिनिटांनी बस सोडायला सहा गाड्या लागतात. जुन्या शहरात दुपारी बाजारवाले, दवाखान्यातले, कॉलेजची मुलं असतात, गाड्या भरत राहतात. नुसत्या कार्यालयांच्या वस्तीत सकाळी एकदा जायचे आणि संध्याकाळी एकदा यायचे. मधले सहा तास सहाही गाड्या रिकाम्या. म्हणून तिथे सरकारी खात्यांच्या स्वतःच्या बसेस धावतात, सार्वजनिक बससेवेला प्रवासी उरत नाहीत, आणि ज्याच्याकडे ना खातं ना गाडी त्याला शहर बंदच.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक गोष्ट दिसते: नेपिडोच्या नव्या भागात राहणारा बहुतेक माणूस हुकमाने आलेला आहे, आणि त्याचं घर त्याच्या नोकरीला बांधलेलं आहे. निवृत्त झाला की घर सोडायचं. अशा घरापुढे कोणी ओटा वाढवून दुकान टाकत नाही, पोराच्या लग्नासाठी वरचा मजला चढवत नाही, बहिणीला गावाहून बोलावून शेजारी प्लॉट घेऊन देत नाही. सुट्टी लागली की माणूस यांगोनची बस धरतो, कारण आई-बाप, जमीनजुमला, ओळखीपाळखी सगळं तिकडे.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या पायाखाली आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. तेव्हा तिथे जेमतेम अडीच हजार वस्ती होती. निवडण्याचं कारण नेपिडोसारखंच, मध्यावरची जागा. पण त्याला जोड होती ती पुण्याहून उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या चालू रस्त्याची. ब्रिग्जनी नवी पेठ आखली आणि बांधकामासाठी जमीन कायमची सारामाफीने दिली. पक्की घरं बांधता यावीत म्हणून गावातल्यांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही उचल दिली. बाहेरचे व्यापारी आणि कारागीर आले ते यामुळे. सरळ रेषेतल्या नंबरच्या गल्ल्या आजही आहेत, आणि आग्रा रोड, पाचकंदील भागात सणाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आखलेलं शहर मुळातच निर्जीव असतं, हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. धुळेही आखलेलंच आहे. तिथे कचेरीच्या आधाराने येणाऱ्याला स्वतःची जागा आणि स्वतःचा धंदा करता आला.

नेपिडोत रस्त्याचंही उलटं झालं. यांगोन-मंडाले द्रुतगती मार्ग राजधानीपर्यंत २००९ मध्ये खुला झाला, पण मालट्रकना त्यावर बंदी होती. माल जुन्या महामार्गानेच जात राहिला. ट्रक थांबला नाही की ढाबा नाही, गॅरेज नाही, टायरवाला नाही, गोदाम नाही. आपल्याकडे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यावर किती घरं जगतात ते तुम्ही जाणताच.

जगात सगळ्याच नव्या राजधान्या अशा राहिल्या नाहीत. ब्राझीलची ब्राझिलिया २१ एप्रिल १९६० ला सुरू झाली. पहिली दहा वर्षं तिलाही भुताचं शहर म्हणत, बरेच दूतावास जुन्या राजधानीत, रिओतच बसून होते. ती पाच लाखांसाठी आखली होती, आणि २०२२ च्या जनगणनेत त्या संघीय जिल्ह्यात २८ लाख लोक मोजले गेले. भरली ती कशामुळे? बांधकामाच्या काळात मजूर आणि दुकानदारांसाठी ‘सिदादे लिव्रे’ नावाची लाकडी घरांची करमुक्त वस्ती बसू दिली होती. काम संपल्यावर ती पाडायची होती. रहिवासी अडून बसले आणि १९६१ मध्ये ती कायम झाली. आखीव शहराभोवती अशा वस्त्या वाढत गेल्या. त्यांचेही हाल आहेत, कामावर पोहोचायला लांबचा प्रवास आहे, पण माणसं स्वतःहून येऊन राहिली.

नेपिडोच्या बाजूनेही सांगायला हवं. यांगोनमध्ये तासन्‌तास भारनियमन असताना तिथे चोवीस तास वीज होती. २०१३ चे आग्नेय आशियाई खेळ आणि २०१४ च्या आसियान बैठका तिथे झाल्या, त्या वेळी हॉटेलं भरली. पण वर्षाला ३५ लाख प्रवाशांसाठी बांधलेला विमानतळ अशा चार-दोन सोहळ्यांवर चालत नाही. आंदोलनांपासून लांब जाण्याचा हेतू असलाच तर तोही साधला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर निदर्शनं याच शहरात झाली आणि गोळीबारही झाला. जागेचा दुसरा दोष जमिनीखाली होता: देशाची उत्तर-दक्षिण लांबी कापणारा सागाइंग भ्रंश, म्हणजे भूकवचातली मोठी भेग, इथून जवळून जातो. २८ मार्च २०२५ च्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपात विमानतळाचा नियंत्रण मनोरा कोसळला, सरकारी इमारती आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती पडल्या.

आता तुमचा माळ. राजधानीएवढा मोठा प्रश्न नाही, पण यंत्रणा तीच. तहसील, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, पंचायत समिती ही कार्यालयं हलली की त्यांच्याभोवतीचे मुद्रांक विक्रेते, दस्तलेखक, वकील, झेरॉक्सवाले, चहा-नाश्त्याच्या गाड्या यांनाही त्यांच्यामागे तिकडे जावं लागतं. संकुलात त्यांना गाळे ठेवलेले नसतात, म्हणून ते कुंपणाबाहेर पत्र्याचे शेड टाकतात आणि दर दोन वर्षांनी अतिक्रमण म्हणून उठतात. फेरफारासाठी आलेला शेतकरी आधी एकाच एसटीने येऊन बाजार, बँक आणि कचेरी उरकायचा. आता रिक्षाचं जादा भाडं आणि अर्धा दिवस. साडेपाचनंतर तिथे दिवाही नसतो, म्हणून कर्मचारीही जुन्या गावातूनच ये-जा करतात, आणि ‘तिथे राहायला कोणी येत नाही’ म्हणून शाळा, दवाखाना मंजूर होत नाही.

हे टाळता येतं. पहिली अट अंतराची: जुन्या वस्तीच्या कडेपासून एक-दीड किलोमीटरच्या आत जागा शोधावी, म्हणजे मधला भाग आपोआप भरतो. आठ किलोमीटरचं अंतर भरायला एक पिढीही पुरत नाही. दुसरी, संकुलाला रस्त्याच्या बाजूने भिंत नको, तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गाळे हवेत, आणि ते कार्यालय सुरू व्हायच्या आधी वाटलेले हवेत. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: आजूबाजूची सगळी जमीन ‘भविष्यातील विस्तार’ म्हणून राखून ठेवू नये. तीस बाय चाळीस फुटांसारखे लहान प्लॉट मालकी हक्काने द्यावेत, खाली दुकान आणि वर घर अशा परवानगीसह. आतले रस्ते नऊ-बारा मीटरचे पुरतात. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जिल्हा कार्यालयं आली ती आधीच रेल्वे आणि बाजारपेठ असलेल्या गावात, हा फायदा विसरू नका.

आराखडा प्रसिद्ध झाला की जाहिरातीत हरकती-सूचनांची मुदत दिलेली असते. नुसता ‘आमचा विरोध आहे’ असा अर्ज बाजूला पडतो. कोणता गट नंबर, कोणतं आरक्षण, त्याऐवजी काय हवं, असं एकेका मुद्द्याला वेगळा परिच्छेद करून लिहा. जुन्या बसस्थानकापासून नव्या जागेपर्यंतचं अंतर मोजून टाका, दिवसाला किती फेऱ्या लागतील तेही लिहा. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. सुनावणीला मुद्रांक विक्रेते आणि दस्तलेखकांनाही सोबत न्या, कारण सगळ्यात आधी पोट त्यांचंच हलणार आहे.