जीआरईची तारीख: डेडलाइनपासून मागे मोजत ये

तू लिहिलंयस की सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, पुढच्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला) अमेरिकेत एम.एस.ला जायचंय, पण अभ्यास पुरेसा झालेला नाही म्हणून जीआरईची, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, तारीख अजून घेतली नाहीस. शिवाय फॉर्मवर नाव मार्कशीटप्रमाणे भरायचं की आधारप्रमाणे, हे कळत नाहीये. दोन्हीबद्दल सविस्तर लिहिते. दरवर्षी मुलं याच दोन ठिकाणी अडकतात, आणि पहिल्या ठिकाणी मी स्वतः अडकले होते.

अभ्यास झाला की तारीख घेईन, असं मीही ठरवलं होतं. सेमिस्टरची परीक्षा संपवून नोव्हेंबरच्या शेवटी पेपर दिला. क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, सरावात येत होते त्यापेक्षा सहा गुण कमी पडले. पुन्हा द्यायची म्हटलं तर दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं, त्यापुढे अधिकृत निकालाला ८ ते १० दिवस. म्हणजे डिसेंबर संपलाच. माझ्या यादीतल्या सगळ्यात आवडत्या दोन विद्यापीठांची मुदत १५ डिसेंबर होती. तिथे त्याच गुणांवर अर्ज केला आणि दोन्हीकडून नकार आला. गुण वाढले असते तर प्रवेश मिळालाच असता असं नाही. पण दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला वेळ होता आणि तो मी घालवला, याचं वाईट मला अजून वाटतं.

म्हणून तू मागून मोज. अर्जाची मुदत १५ डिसेंबर धर. निकाल १ डिसेंबरला हातात हवा, म्हणजे दुसरा अटेम्प्ट फार तर २० नोव्हेंबरपर्यंत. त्याच्या २१ दिवस आधी पहिला, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. पण हे झालं कागदावरचं गणित. मध्ये दिवाळी आहे, प्रोजेक्टचं सबमिशन आहे, ओरल आहेत, एंड-सेम आहे. हे सगळं वजा केलंस तर पहिल्या अटेम्प्टची खरी वेळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर अशी येते. तेव्हा मनासारखं झालं नाही तर ऑक्टोबर पूर्ण मोकळा मिळतो. गुण ५ वर्षं चालतात, त्यामुळे लवकर दिल्याने काही वाया जात नाही.

तारीख आत्ताच घे. साधारण दोन महिने आधी घेतली की मनासारखं केंद्र आणि सकाळचा स्लॉट मिळतो. सुट्टीच्या दिवशीचे स्लॉट सगळ्यांनाच हवे असतात, ते आधी संपतात. तारीख पुढे ढकलता येते, पण किमान ४ दिवस आधी आणि वेगळी फी भरून. रद्द केलीस तर निम्मेच पैसे परत येतात. परीक्षेची फी वीस हजारांच्या वर आहे, तेव्हा ढकलायची की नाही हे आठवडाभर आधीच ठरव, शेवटच्या रात्रीवर ठेवू नकोस. पुण्यात देणार असशील तर गणपतीचे दिवस टाळ, विसर्जनाच्या दिवशी तर मुळीच नको, रस्ते बंद असतात. सांगलीहून त्याच दिवशी पहाटे निघायचा विचारही करू नको. खंबाटकी घाटात गाडी अडकली तर कुणाच्या हातात काही राहत नाही, आणि केंद्रावर अर्धा तास आधी पोचायचं असतं. आदल्या दिवशी येऊन मुक्काम कर, संध्याकाळी केंद्र बघून ये.

आता नाव. इथे आपल्या मुलांचा हमखास घोळ होतो आणि त्याचं कारण आपली नाव लिहायची पद्धत. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर आपलं, वडिलांचं आणि शेवटी आडनाव. पासपोर्टवर दोनच रकाने: एक सरनेमचा, एक गिव्हन नेमचा, आणि या दुसऱ्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. त्यात स्पेलिंगचे फरक. एका कागदावर 'डबल ई', दुसऱ्यावर नुसता 'आय'. तू पासपोर्ट समोर ठेवून फॉर्म भर. गिव्हन नेममध्ये जे जे छापलंय ते सगळं, वडिलांच्या नावासकट, फर्स्ट नेममध्ये लिही. सरनेम लास्ट नेममध्ये. एक अक्षरही 'बरोबर' करायला जाऊ नको. केंद्रावर मूळ पासपोर्टच घेऊन जा, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. माझ्या पुढे रांगेत उभी असलेली मुलगी लग्नानंतरच्या नावाने नोंदणी करून आली होती, पासपोर्ट माहेरच्या नावाचा. तिला आत सोडलं नाही. नोंदणीचं अकाउंट उघडताना नाव चुकलंच असेल तर दुसरं अकाउंट उघडू नको, ईटीएसला (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेला) आधीच कळवून दुरुस्त करून घे. परीक्षेच्या दिवशी काही बदलता येत नाही. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, पुढे आय-ट्वेंटी हा विद्यापीठाकडून मिळणारा व्हिसासाठीचा कागद, व्हिसा, सगळीकडे हेच नाव चालवायचंय.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नको. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून सुरू करता येतात.

घरून परीक्षा द्यायची सोय आहे, पण माझं मत विचारशील तर केंद्रावरच दे. घरी खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, कच्च्या कामाला साधा कागद चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक कव्हरमधला कागद लागतो, हेडफोन चालत नाहीत, आणि वीज किंवा इंटरनेट गेलं की सगळं लक्ष उडतं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झालीय, मध्ये सुट्टी नाही. एवढा वेळ घरात पूर्ण शांतता मिळेल अशी खात्री असेल तरच तो पर्याय घे.

परीक्षा संपल्यावर चार ठिकाणी गुण फुकट पाठवता येतात, नंतर प्रत्येक ठिकाणाचे पैसे पडतात. तिथे फोन जवळ नसतो, म्हणून चार नावं घरूनच पाठ करून जा. मात्र आधी प्रत्येक विभागाचं पान उघडून बघ. काही ठिकाणी आता जीआरई ऐच्छिक आहे, काही ठिकाणी गुण बघतच नाहीत, आणि एकाच विद्यापीठात दोन विभागांचे नियम वेगळे असू शकतात. बरीच विद्यापीठं अर्जात तू स्वतः भरलेले गुण धरतात आणि अधिकृत गुण प्रवेश दिल्यावर मागतात. अशांवर फुकटातली चार खर्च करू नको.

आज रात्री पासपोर्ट काढ, त्यावरचं नाव आणि मुदत बघ. मुदत संपत आली असेल किंवा पासपोर्टच नसेल तर इथेच लिही, कारण मग पोलीस व्हेरिफिकेशनचा वेळ धरून हे सगळं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागेल.