'पुराना मंदिर'मधल्या सामरी या सैतानाचं काम कोणी केलं होतं? खूप मेकअप केला होता का?

अनिरुद्ध अग्रवाल, श्रेयनामावलीत अजय अग्रवाल. रुडकीहून सिव्हिल इंजिनिअर झालेला माणूस! तुलसी आणि श्याम रामसे यांचा हा भयपट 1984चा.

मेकअप होता, पण त्यावर सगळं श्रेय ढकलू नका. उंची सहा फुटांच्या बरीच वर, चेहरा मुळातच लांबट आणि हाडं वर आलेली. रामसेंकडे पैसा बेताचाच, त्यांना आयता सैतान मिळाला. गोष्टीत सामरीचं मुंडकं धडावेगळं करून पेटीत कोंडलेलं असतं, त्यामुळे तो पुरता दिसतो फार उशिरा. तोवर नुसता धाक. आणि उठल्यावरही तो पळत नाही, सावकाश चालत येतो, डोळे लाल. माझ्या मते खरा अभिनय त्या चालीतच आहे.

आमच्या खान्देशात यात्रेतल्या तंबूत असे सिनेमे लागले की पुढची पोरं 'सामरी उना रे!' (सामरी आला रे!) ओरडायची. (मधला जगदीपचा 'शोले'छाप विनोद मात्र मला आजही कंटाळवाणा वाटतो.)

अग्रवाल यांचं आणखी काम बघायचं तर 'बंद दरवाजा' (1990) बघा. 'बँडिट क्वीन'मधला डाकू बाबू गुज्जरही तेच, तेही सैतानाच्या मेकअपशिवाय.